भिंतींवर लाल-काळे डाग, मशीनवाला ॲसिड मारून धुतो म्हणतोय. धुऊन घेऊ का? (गुहागर तालुका)

पागोळी

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, कारण थोडक्यात विचारलं की सगळे 'रंग काढून घ्या' एवढंच सांगतात. माझं माहेर गुहागर तालुक्यात, समुद्र सरळ रेषेत दीड-दोन किलोमीटर. घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, १९९८ साली बांधलेलं. पुढची आणि पश्चिमेची भिंत प्लास्टर करून रंगवलेली आहे, उत्तरेची आणि मागची बाजू नुसता उघडा चिरा, फक्त दरजा भरलेल्या. आईबाबा दोघंच राहतात, मी ठाण्याला. गणपतीत गेले होते तेव्हा भिंती बघून खरंच वाईट वाटलं. एकच डाग असता तर काही नाही, पण पाच तऱ्हेचे आहेत. छज्ज्यांच्या खाली काळे ओघळ, अगदी काजळ ओघळल्यासारखे. पश्चिमेच्या भिंतीवर विटकरी-नारिंगी रंगाचे मोठे पट्टे, हात लावला तर मखमलीसारखं लागतं आणि बोटाला जरा रंग येतो. खाली जोत्यापासून फूट-दीड फूट पांढरी पावडर फुलल्यासारखी, तिथला रंग पापुद्र्यासारखा सुटतोय. खिडक्यांच्या ग्रिलखाली गंज. आणि पागोळ्या पडतात तिथे दोन फुटांपर्यंत तांबड्या मातीचे शिंतोडे, ते तर दरवर्षीचेच.

आता मुद्दा. तालुक्याच्या ठिकाणाहून एक जण येऊन बघून गेला, बाहेरून घरं धुऊन द्यायचं काम करतो म्हणाला. त्याचं म्हणणं की सगळा लाल भाग म्हणजे चिऱ्यातला गंज बाहेर येतोय, ॲसिड मारायचं आणि मशीनने धुवायचं, दोन दिवसांत घर नवं. सांगितलेला आकडा काही कमी नाही पण ते एक वेळ चालेल. मला भीती वेगळीच आहे. मागच्या वर्षी बाबांनी दुसऱ्या एकाकडून मागच्या कोपऱ्याचा एवढासा भाग असाच ॲसिडने धुऊन घेतला होता. त्या दिवशी झकास दिसला. ह्या पावसाळ्यात बघितलं तर तिथल्या दरजांमधलं सिमेंट बोटाने खरवडलं तरी वाळूसारखं गळतंय, आणि डाग परत आलाय तो आलाच. म्हणून विचारते, हा लाल प्रकार नक्की काय आहे, आणि धुवायचं तर कसं? दिवाळीच्या आधी काहीतरी करायचंय, बाबा रोज फोनवर विचारतात.

कुडाळचा_रंगारी

ताई आधी त्या माणसाला थांबवा, ॲडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका. मी बावीस वर्षं रंगाचं आणि वॉटरप्रूफिंगचं काम करतोय सिंधुदुर्गात, तुम्ही जे मखमलीसारखं आणि बोटाला रंग येतो असं लिहिलंय ना तिथेच उत्तर आहे. तो गंज नाही. ते शेवाळ आहे. शेवाळ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हिरवंच येतं पण कोकणात, गोव्यात, खाली केरळपर्यंत भिंतींवर आणि माडांच्या बुंध्यांवर जे नारिंगी-विटकरी दिसतं ते ट्रेंटेपोहलिया नावाचं शेवाळ असतं, जातीने हिरव्या शेवाळातलंच, पण त्याच्या अंगात गाजरातलं असतं तसलं कॅरोटीन भरलेलं असतं त्यामुळे लाल दिसतं. जिथे झड बसते आणि भिंत लवकर सुकत नाही तिथे ते धरतं, तुमची पश्चिमेची भिंत म्हणजे पावसाळाभर वाऱ्याबरोबर पाणी खाणारी भिंत, तिथेच येणार. काळे ओघळ पण बहुतेक बुरशी आणि काळं शेवाळ मिळून झालेले, धूळ त्यावर चिकटते म्हणून जास्तच काळं दिसतं.

माझं ऐकू नका, स्वतः तपासून बघा. बाजारात कपड्यांचं ब्लीच मिळतं साधं, बिनवासाचं बिनरंगाचं, त्यात कापसाचा बोळा बुडवा आणि लाल डागावर, काळ्या ओघळावर आणि ग्रिलखालच्या गंजावर असा तीन ठिकाणी टेकवा. पाच-दहा मिनिटं थांबा. जिथे रंग उडून फिकट झालं तिथे जिवंत काहीतरी होतं म्हणजे शेवाळ किंवा बुरशी. जिथे काहीच फरक नाही ती माती, धूर नाहीतर गंज. गंजावर ब्लीचचा काडीचा उपयोग होत नाही, उलट डाग अजून पक्का बसतो. हातमोजे घाला आणि चांगली साडी नेसून करू नका हे काम.

शेवाळ-बुरशीला ॲसिड हे औषधच नाही. ॲसिड वरचा सिमेंटचा थर खातं, त्या थराबरोबर शेवाळही निघून जातं म्हणून त्या दिवशी भिंत स्वच्छ दिसते. पण पृष्ठभाग झाला खरखरीत आणि भोकाभोकाचा, म्हणजे पुढच्या जूनमध्ये शेवाळाला बसायला अजून चांगली गादी. तुमच्या मागच्या कोपऱ्याचं तेच झालंय, दरजेतलं सिमेंट ॲसिडने खाल्लं, वाळू उरली. ती दरज आता खरवडून परत भरायला लागेल, नाहीतर पाणी आत जाईल.

बरोबर पद्धत सांगतो. सोडियम हायपोक्लोराइट, आमच्यात नुसतं हायपो म्हणतात, टाकी-विहीर निर्जंतुक करायला कॅनमधून मिळतं तेच. ताजं असेल तर १० ते १२ टक्के असतं, उन्हात पडून राहिलेला कॅन असेल तर ताकद निम्म्यावर येते म्हणून तारीख बघून घ्या आणि सावलीत ठेवा. एक भाग हायपो, चार ते पाच भाग पाणी, त्यात थोडं भांड्यांचं लिक्विड म्हणजे भिंतीला धरून राहतं, पटकन ओघळत नाही. आंब्यावर फवारतात तसला पाठीवरचा पंप चालेल पण तो नंतर परत बागेला वापरू नका, वेगळाच ठेवा. फवारणी खालून वर करत जायची, वरून सुरुवात केली तर कोरड्या भिंतीवर ओघळ उतरतात आणि त्यांचे पट्टे राहतात. दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, सुकू द्यायचं नाही, म्हणून भर उन्हात करू नका, सकाळी लवकर नाहीतर ढगाळ दिवशी. जिथे जाड थर आहे तिथे नायलॉनचा ब्रश, तारेचा नको. मग वरून खाली भरपूर पाण्याने धुवायचं, साधा बागेचा पाइप पुरे. मेलेलं शेवाळ काही लगेच निघतं, काही पुढच्या आठ-पंधरा दिवसांत वाऱ्याने उन्हाने आपोआप सुटतं, लगेच गेलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत मारत बसू नका.

गावात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर मिळते ग्रामपंचायतीकडे वगैरे, तीही चालते पण तिच्यात चुना असतो, ढवळून ठेवून वरची निवळ तेवढी घ्या नाहीतर भिंतीवर पांढरे पट्टे उठतील.

सात_बारा

रंगारीदादांनी सगळं नीट सांगितलंय, मी फक्त एकच सांगायला आलोय आणि हे प्लीज घरातल्या सगळ्यांना सांगा. हायपो किंवा ब्लीच कधीही ॲसिडमध्ये मिसळू नका, टॉयलेट साफ करायच्या लिक्विडमध्ये सुद्धा नाही, त्याच्यातही ॲसिडच असतं. आमच्या काकांनी बाथरूमच्या लाद्यांवर एक लवकर उतरत नाही म्हणून दुसरं ओतलं, दोन मिनिटांत घशात आग आणि डोळ्यातून पाणी, दार उघडं होतं म्हणून वाचले, तरी दोन दिवस खोकत होते. तो क्लोरीन गॅस असतो. आणि मशीनवाल्याने सकाळी ॲसिड मारलं, दुपारी त्याच भिंतीवर हायपो, तरी तेच होणार. अमोनियावालं काचेचं लिक्विडही त्याच्याबरोबर नको.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत असतो आणि इथे घरं बाहेरून धुण्याचाच व्यवसाय आहे माझा, मूळ गाव दापोली, त्यामुळे दोन्हीकडच्या भिंती हाताळल्यात. इथली घरं लाकडाच्या सांगाड्याची, बाहेरून प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावलेल्या, त्याला व्हायनल सायडिंग म्हणतात. उत्तरेकडची बाजू, जिथे ऊन कमी लागतं, ती दर दोन-तीन वर्षांत हिरवी होतेच. आणि छपरांवर काळे ओघळ येतात, ते ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाच्या सूक्ष्म जिवाचे, छपरावर ज्या डांबरी चकत्या असतात, शिंगल म्हणतात त्यांना, त्यात चुनखडीची भुकटी भरलेली असते, ती त्याचं खाद्य असं म्हणतात. लोकांना वाटतं छप्पर जुनं झालं, बदलायला काढतात, आणि प्रत्यक्षात ते धुऊन जाणारं असतं.

सांगायचं हे की इथेही नवीन धंद्यात आलेला पोरगा प्रेशर मशीन घेऊनच येतो, कारण ते दिसायला भारी दिसतं, समोरच्या समोर भिंत पांढरी होते. पण शिंगल बनवणाऱ्यांची संघटनाच सांगते की छपराला प्रेशर लावू नका, ब्लीच आणि पाणी मारा आणि हलक्या पाण्याने धुवा. ह्याला आम्ही सॉफ्ट वॉश म्हणतो. काम औषध करतं, पाणी फक्त वाहून नेतं. सायडिंगवर खालून वर प्रेशर मारलं की पाणी पट्ट्यांच्या मागे जातं आणि आतल्या लाकडाला बुरशी लागते, बाहेरची घाण गेली आणि आतली सुरू झाली. तुमच्याकडे तेच खिडकीच्या चौकटीतून, भेगेतून आणि मीटरच्या पेटीतून होईल.

घरगुती प्रेशर मशीन १०० ते १३० बारचं असतं. बागेचा नळ ३-४ बार. मशीन आणलंच तर नोझलचा रंग बघा, हे रंग जगभर साधारण सारखेच असतात: लाल म्हणजे शून्य अंश, सुईसारखी धार, ती भिंतीवर अजिबात नको. पिवळं १५ अंश, हिरवं २५, पांढरं ४०, काळं साबणाचं. प्लास्टरच्या भिंतीला पांढरं, आणि भिंतीपासून दोन-तीन फूट लांब. उघड्या चिऱ्यावर मात्र मी पांढरंही वापरणार नाही. चिरा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, उघड्यावर राहून वरचा थर कडक होतो, तुम्हाला गावात कोणीही सांगेल. प्रेशरने तो कडक झालेला थर उडाला की आतला मऊ भाग उघडा पडतो आणि मग तो दर पावसाळ्यात झिजतच राहतो. माझ्या आजोळच्या घराचा एक कोपरा असाच गेलाय, चिऱ्यात अंगठा जाईल एवढ्या खळ्या पडल्यात.

त्यामुळे जो कोणी येईल त्याला कामाआधी विचारा: काय मारणार, किती पाण्यात, कॅन दाखव. कुठलं नोझल. आधी मागच्या बाजूला दोन फूट बाय दोन फूट करून दाखवशील का आणि एक दिवस थांबशील का. धुतलेलं पाणी कुठे जाणार. लाइट कोण बंद करणार. जो ह्याची उत्तरं नीट देतो त्याला काम द्या, जो सगळ्या डागांना एकच औषध सांगतो त्याला नको.

एक अजून, सगळे डाग जातातच असं नाही. इथे झाडांच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा घालतात, त्यात एक बुरशी वाढते, तिला तोफखान्याचंच नाव आहे, ती उजेडाच्या दिशेने डांबरासारखे बारीक ठिपके उडवते आणि पांढऱ्या सायडिंगवर ते असे चिकटतात की खरवडून काढले तरी खूण राहते. मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो की हे जाणार नाही. प्रामाणिक माणूस तुम्हालाही सांगेल की अमुक डाग निघणार नाही.

पागोळी

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच एवढं कोणी सांगत नाही. बाबांना फोनवर सांगून बोळ्याची टेस्ट करायला लावली. पश्चिमेचा लाल डाग पाच मिनिटांत साबुदाण्याच्या खिरीसारखा फिका झाला. छज्ज्याखालचा काळाही गेला. ग्रिलखालचा ढिम्म. बाबा आता रोज एकेक नवीन ठिकाणी बोळा टेकवून मला फोटो पाठवतात. मशीनवाल्याला नको म्हणून सांगितलं.

पण तीन गोष्टी राहिल्या. एक, आमची विहीर घरापासून जेमतेम वीस फुटांवर आहे आणि उतार तिच्याकडेच आहे, प्यायचं पाणी तेच. दोन, मागच्या उघड्या चिऱ्यावर पण काळं आहे, तिथे हायपो चालेल का? तीन, खालची पांढरी पावडर, त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. आणि हो, गोठ्यावर सिमेंटचे पत्रे आहेत जुने, तेही काळे झालेत, बाबा म्हणतात त्याच फटक्यात तेही धुऊन टाकू.

फोंड्याची_माई

पावडरीबद्दल मी लिहिते, कारण आमच्या घरात तिने माझी बारा वर्षं खाल्लीत. फोंड्याला सासरचं घर, शंभरावर वर्षांचं, भिंती चिऱ्याच्या आणि मूळ गिलावा चुन्याचा. सासऱ्यांनी हौसेने चुना काढून सिमेंटचं प्लास्टर केलं आणि वर चकचकीत रंग. दोन पावसाळ्यांनी खालून पांढरं फुलायला लागलं. आम्ही धुवायचो. धुतलं की सुकल्यावर दुप्पट. शेवटी एका जुन्या गवंड्याने सांगितलं की बाई हा क्षार आहे, पाणी घालाल तेवढा पाण्यात विरघळून आत जाईल आणि सुकताना परत बाहेर येईल. जमिनीतली ओल चिऱ्यातून वर चढते, येताना क्षार घेऊन येते, भिंतीच्या तोंडाशी पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतो. बाहेरून सिमेंट आणि रंगाने तोंड बंद केलं की तो रंगाच्या मागे साठतो आणि रंगाला ढकलून बाहेर काढतो. तुमचे पापुद्रे तेच. त्यात त्या काळात प्लास्टरला खाडीची न धुतलेली वाळू वापरली असेल तर मीठ त्यातच असेल, विचारा बाबांना.

म्हणून ती पावडर धुवू नका. डिसेंबर-जानेवारीत भिंत कोरडी खडखडीत झाली की कोरड्या ब्रशने झाडा, खाली कागद पसरून गोळा करा आणि लांब टाका, जोत्याशी पडू देऊ नका. तेवढी पट्टी, दोन-अडीच फूट, सिमेंटचं प्लास्टर काढून चुन्याचा गिलावा केला तर उत्तम, भिंत श्वास घेते. आम्ही तसंच केलं आणि वर नुसती चुन्याची सफेदी. क्षार थोडा अजूनही येतो, पण झाडला की जातो, पापुद्रे उठत नाहीत. आणि पूर्वी दर दिवाळीआधी सफेदी का करायचे ते मला तेव्हा समजलं, चुना इतका तीव्र अल्कली असतो की बुरशी त्यावर धरतच नाही. आमच्याकडे त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालायचे. सुपारीवर कोळे रोगाला बोर्डो मिश्रण फवारतात ते म्हणजे चुना आणि मोरचूदच, भिंतीलाही तेच.

गंजाला ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर मिळते, कोमट पाण्यात विरघळवून फडक्याने नेमकं डागावर लावायचं, दहा-पंधरा मिनिटांनी धुवायचं. विषारी आहे, मोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा. पण फक्त रंगवलेल्या भिंतीवर हं. चिऱ्यावर कधीच नाही. चिऱ्याचा तांबडा रंग हाच मुळात लोहाचा, गंज काढायला जाल तर दगडाचाच रंग निघून तिथे पांढुरका ठिपका पडेल, आमच्या तुळशीवृंदावनाच्या पायरीवर आहे तो अजून. आणि कडाप्प्याच्या, कोट्याच्या लादीवर कुठलंच ॲसिड सांडू देऊ नका, त्या दोन्ही चुनखडीच्या जातीच्या, लगेच चट्टा पडतो.

अजून एक गंमतीशीर डाग लोकांना कळत नाही. फणसाची, आंब्याची ओली पानं लोखंडी ग्रिलवर किंवा पत्र्यावर पडून राहिली की खाली निळसर काळा ओघळ येतो. पानातला तुरट अंश आणि लोखंड मिळून शाई होते, पूर्वी हिरड्याची शाई करायचे तशीच. तो काळा दिसतो म्हणून लोक ब्लीच मारत बसतात. त्याला पण ऑक्झॅलिकच लागतं.

कुडाळचा_रंगारी

माईंनी लाखमोलाचं सांगितलं, पांढऱ्या पावडरीवर आमच्या धंद्यातले लोक वॉटरप्रूफ पुट्टी फासून देतात आणि पुढच्या वर्षी परत बिल लावतात, ते करू नका.

विहिरीचं: उतार तिच्याकडे आहे तर त्या बाजूला फवारणी करूच नका, तिथे बादलीत घेऊन स्पंजने हाताने पुसा आणि पाणी बादलीतच परत घ्या. बाकी भिंतींच्या पायथ्याशी वाळूच्या गोणी लावून किंवा मातीचा छोटा बांध घालून पाणी विहिरीच्या उलट दिशेला काढा. विहिरीच्या तोंडावर ताडपत्री, चारी बाजूंनी वजन ठेवून. झाडांना आधी साध्या पाण्याने पूर्ण भिजवा, पानंसुद्धा, भिजलेलं झाड औषध कमी पितं, आणि काम झाल्यावर परत धुवा. तुळस कुंडीत असेल तर उचलून लांब ठेवा.

चिऱ्याला हायपो चालतं पण पातळ, एकास आठ-दहा, आणि आधी चिरा पाण्याने भिजवून घ्या म्हणजे औषध आत शोषलं जात नाही. मऊ ब्रश आणि भरपूर पाणी.

गोठ्याचे सिमेंटचे पत्रे अजिबात धुवू नका, मशीनने तर नाहीच नाही आणि घासूनही नाही. जुने सिमेंट पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस, झिजले की तंतू सुटतात आणि ते फुप्फुसात जातात. काळे झालेत तर राहू द्या काळे. तसंच लाकडी खिडक्यांना जुना ऑइल पेंट असेल तर तो खरवडून किंवा प्रेशरने उडवू नका, जुन्या रंगात शिसं असायचं, घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, तुमच्या खिडक्या त्याच्या कितीतरी आधीच्या.

आणि धुण्याएवढंच महत्त्वाचं, पाणी कुठून येतं ते बघा. छज्ज्याखाली काळे ओघळ म्हणजे छज्ज्याच्या खालच्या अंगाला कडेपासून इंचभर आत खाच नसणार. ती खाच असली की पाणी तिथे तुटून खाली पडतं, नसली की छज्ज्याच्या पोटावरून सरपटत भिंतीला येतं. आता खाच पाडता येत नसेल तर तिथे बारीक ॲल्युमिनियमची पट्टी बसवून घ्या, काम अर्ध्या दिवसाचं. मातीच्या शिंतोड्यांना पन्हळ लावा, किंवा पागोळ्या पडतात त्या रेषेवर दोन फूट रुंद खडी पसरा, पाणी खडीवर फुटलं की माती उडत नाही. पूर्वी पावसाळ्याआधी झडीच्या बाजूला झापं बांधायचे ते उगाच नाही, भिंत कोरडी राहायची, शेवाळाला जागाच नव्हती.

रंगाची घाई दिवाळीला करू नका. भिंत धुतल्यावर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून रात्रभर ठेवा, सकाळी आतून दव दिसलं तर भिंत अजून ओली आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस करा.

एडिसनकर

शिडीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. बाबांना शिडीवर चढू देऊ नका प्लीज. आमच्या धंद्यात औषधापेक्षा जास्त माणसं शिडीवरून पडून जायबंदी होतात, ओल्या जमिनीवर साबणाच्या पाण्यात शिडी सरकते. लांब दांड्याचा ब्रश घ्या आणि जमिनीवर उभं राहूनच जेवढं होईल तेवढं करा. ॲल्युमिनियमची शिडी असेल तर सर्व्हिस वायर कुठून जाते ते आधी बघा.

आणि माईंचं मोरचूद वाचून बरं वाटलं, इथे छपराच्या शेंड्याला तांब्याची किंवा जस्ताची पट्टी लावतात, पावसाचं पाणी त्यावरून येताना थोडं तांबं घेऊन उतरतं आणि खाली शेवाळ धरत नाही.

पागोळी

अपडेट देते. दसऱ्यानंतरच्या शनिवारी गेले होते, दोन दिवस पाऊस नव्हता. गावातलाच एक जण आणि त्याचा भाचा आले, फवारणीचं काम करणारे, मशीन नाहीच वापरलं. मेन स्विच बंद करून मीटरच्या पेटीला प्लॅस्टिक बांधलं, विहिरीवर ताडपत्री, बाबांनी स्वतः चारी कोपऱ्यांना चिरे ठेवले आणि दिवसभर खुर्ची टाकून तिथेच राखण करत बसले. सकाळी सातला सुरू केलं. पश्चिमेची भिंत फवारल्यावर पंधरा मिनिटांत तो विटकरी रंग आधी नारिंगी, मग पिवळट, मग जवळजवळ गेलाच, पाइपचं पाणी मारलं तर खाली गढूळ पिवळं पाणी वाहिलं. मखमल निघून गेल्यावर खाली मूळ फिकट निळा रंग दिसला, आईला वाटलं होतं की तो कधीच उडून गेलाय.

मागचा चिरा पातळ करून हाताने ब्रश केला, त्याला पूर्ण दिवस गेला. काळं साधारण निम्मं गेलं, बाकीचं उन्हाने जाईल म्हणतात, वाट बघते. पांढऱ्या पावडरीला हात लावला नाही. बाबांना वाळूचं विचारलं तर म्हणाले हो, होडीने आलेली खाडीची वाळू होती, तेव्हा सगळे तीच वापरायचे. चुन्याचा गिलावा करणारा माणूस शोधतेय, गुहागर-चिपळूण भागात कोणाला माहीत असेल तर नक्की कळवा.

एक चूक झाली. पश्चिमेच्या खिडकीखाली आईची अबोली आहे, ती आधी भिजवायची राहून गेली, कोपऱ्यात होती म्हणून लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी पानं करपलेली. आईने काही बोलून दाखवलं नाही, पण सकाळी उठून पहिलं तिलाच पाणी घालत होती. कालच्या फोटोत खालून दोन नवीन फुटवे दिसतायत.

छज्ज्याच्या पट्टीचं आणि गंजाचं दिवाळीत गेले की करणार. रंगारीदादा, ती ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने मारायची की सिलिकॉनने चिकटवली तर राहील?

कुडाळचा_रंगारी

दोन्ही. सिलिकॉनची रेघ आधी, मग फूटभर अंतराने स्टेनलेसचे स्क्रू. समुद्र जवळ आहे, साधे लोखंडी स्क्रू मारलेत तर पुढच्या वर्षी त्यांचेच गंजाचे ओघळ पुसत बसाल.